रात्रपाळीनंतरचा दिवस रिकामा नसतो

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतं. गेल्या वेळी माझ्या वर्गातल्या बारा मुलींनी कोळीगीत बसवलं होतं. पोशाख भाड्याने आणायचे तर बऱ्याच पालकांना ते जड जाणार होतं. मी मुख्याध्यापकांसमोर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सर, काळजी नको. कापड तेवढं द्या, माझी जाऊ शिवून देईल. सध्या तिची रात्रपाळी आहे, दिवसभर घरीच असते."

दिवसभर घरीच असते! वीस वर्षं मुलांना शब्द जपून वापरायला शिकवणारी मी, आणि हे तीन शब्द माझ्याच तोंडून निघाले. त्यांची किंमत काय झाली असती हे कळलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. भगिनींनो, तीच हकिकत आज सांगणार आहे. कारण आपल्या घराघरांतल्या मुली आणि सुना आता नोकरीला बाहेर पडत आहेत, आणि आपण घरातली माणसं मात्र त्यांचा दिवस जुन्याच मापाने मोजत आहोत.

नऊ वर्षांनी पुन्हा गणवेश

आमचं एकत्र कुटुंब मिरजेत राहतं. मिरज म्हटलं की लोकांना सतार आठवते, नाहीतर दवाखाने. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनच नव्हे तर कर्नाटकातूनही रुग्ण या गावात येत राहिले. त्यामुळे पांढरा गणवेश आमच्या गल्लीला नवा नाही. आमच्या घराला मात्र तो नवा होता.

माझ्या धाकट्या जावेने लग्नाआधी जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, वर्षभर नोकरीही केली होती. लग्न झालं, पाठोपाठ दोन मुलं झाली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र लोखंडी कपाटात निकाहनाम्याशेजारी जाऊन बसलं. हात मात्र रिकामे बसले नाहीत. सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर ती शिवण शिकली. आधी फॉल-पिको, मग ब्लाऊज, मग कुर्ते, बुरखे. क्रोशाने दुपट्ट्याला लेस विणायची. कुरआन शरीफसाठी तिने शिवलेले मखमली जुजदान मोहल्ल्यात कितीतरी घरांत आहेत. दोन वर्षांत तिने स्वतःचं मोटारीचं मशीन घेतलं. ईदच्या आधी आमच्या ओसरीवर कपड्यांच्या पिशव्यांची रांग लागायची.

गेल्या वर्षी जूनमध्ये धाकटी शाळेत जाऊ लागली, तेव्हा ती मला म्हणाली, "भाबी, हात विसरायच्या आत मला परत जायला हवं." दीर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. पैशांची गरज होतीच. पण तिच्या बोलण्यात पैशांपेक्षा वेगळं काही होतं. शिकलेली विद्या गंजत चालल्याचं दुःख होतं.

दिवसपाळीला कुणाचा विरोध नव्हता. अडलं ते रात्रपाळीवर. शेजारपाजारच्या बायका सासूबाईंना विचारू लागल्या, "सून रात्रभर घराबाहेर? बरं दिसतं का?" सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्या अठरा दिवस रुग्णालयात होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा रात्री दोन वाजता माझं अंग पुसायला, कपडे बदलायला मला बाईच हवी होती ना? ती पण कुणाची तरी सूनच होती. तिच्या सासूने तिला घरी बसवलं असतं तर माझ्या पडद्याचं काय झालं असतं?" त्यानंतर घरात कुणी हा प्रश्न काढला नाही.

पन्हाळा आणि झोपलेली आई

रुग्णालयातल्या पाळ्या तीन. सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. त्यात 'ओव्हर' देणं-घेणं असतं. म्हणजे प्रत्येक रुग्णाची स्थिती, औषधं, सलाईन, राहिलेल्या तपासण्या पुढच्या सिस्टरला नीट समजावून द्यायच्या. त्यात अर्धा तास सहज जातो. नऊ वर्षांत यंत्रं बदलली होती, नोंदी संगणकावर गेल्या होत्या. पहिले दोन महिने ती घरी येऊनही वही काढून औषधांची नावं घोकायची.

तिची शिवण तिला खूप कामी आली. बाजारातल्या गणवेशाचे खिसे उथळ असतात, वाकलं की पेन आणि कात्री खाली पडते. तिने स्वतःचे गणवेश स्वतः शिवले, खिसे खोल ठेवले. डोक्यावर बांधायला बिनटाचणीची टोपीसारखी ओढणी शिवली, कारण रुग्णाला उचलताना टाचणी निघून त्याला टोचायची भीती असते. इतर सिस्टरांनीही तिच्याकडून गणवेश शिवून मागितले. आम्हाला वाटलं, वा! नोकरीही झाली आणि शिलाईही चालू राहिली.

इथेच आमची नजर चुकली. तिने जुन्या गिऱ्हाइकांना 'नाही' म्हटलं नव्हतं आणि आम्ही कुणी तिला तसं सुचवलं नव्हतं. ती ड्युटीवरून यायची, नाश्ता करायची आणि मशीनवर बसायची. मुलं शाळेतून येईपर्यंत शिवण, मग मुलांचा अभ्यास, स्वयंपाकात मदत आणि रात्री पुन्हा ड्युटी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे पन्हाळ्याला गेलो. मिरजेहून सत्तरेक किलोमीटर. गाडी रविवारचीच मिळत होती. ती शनिवारी रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी आली आणि तशीच गाडीत बसली. कोल्हापूर येईपर्यंत तिला झोप लागली. तीन दरवाजा आम्ही पाहिला, अंबरखान्याची धान्याची कोठारं पाहिली, सज्जा कोठीच्या गच्चीवरून खालची दरी पाहिली. ती गाडीत झोपलेली. धाकटी रुसून म्हणाली, "अम्मी आलीच नाही सहलीला." आम्ही हसलो. खरं तर ती पोर बरोबर बोलत होती.

सात नंबरचं इंजेक्शन

आता डिसेंबरकडे येते. कोळीगीताचं कापड मी घरी आणून टाकलं. बारा चोळ्या, बारा ओढण्या, सगळ्यांना जरीची किनार. चार दिवस हातात होते. जावेने पिशवी उघडून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "होईल भाबी, इन्शाअल्लाह." मोठ्या जावेला नाही कसं म्हणायचं? तिच्या या अदबीचा मी फायदा घेतला हे मला तेव्हा कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती घरी आली आणि नेहमीसारखी मशीनकडे गेली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "भाबी, रात्री माझ्या हातून फार मोठी चूक होणार होती."

पहाटे चारची वेळ. सात नंबरच्या कॉटवरच्या रुग्णाचं इंजेक्शन भरून ती सहा नंबरच्या कॉटजवळ उभी राहिली होती. सिस्टरांना पहिल्या वर्षापासून पाच गोष्टी घोटून घेऊन शिकवतात. रुग्ण बरोबर आहे ना, औषध बरोबर आहे ना, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना. त्या सवयीने तिने विचारलं, "बाबा, नाव काय तुमचं?" म्हाताऱ्याने सांगितलेलं नाव आणि हातातल्या कागदावरचं नाव जुळेना. ती तिथेच थिजली.

मी म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, काही झालं नाही ना?"

ती म्हणाली, "झालं नाही. पण मी नाव विचारलं नसतं तर?"

तिने ही गोष्ट लपवली नाही. इन्चार्ज सिस्टरांना स्वतःहून सांगितली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काल दिवसा किती तास झोपलीस?" हिने खरं ते सांगितलं, दोन तास.

उरलेल्या तासांत तिने काय केलं होतं, ते माझ्या समोरच घड्या घालून ठेवलं होतं. जरीची किनार लावलेल्या सात चोळ्या.

मी शिक्षिका आहे. दमलेल्या शिक्षिकेच्या हातून फार तर वहीतली एखादी चूक तपासायची राहते. दमलेल्या नर्सच्या हातून काय होईल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. रुग्ण ही तिच्याकडे ठेवलेली अमानत आहे. त्या अमानतीची राखण ती रात्री करते, पण तिची तयारी दिवसा होते, झोपेत होते. आणि ती झोप मी कोळीगीतासाठी घेतली होती.

उरलेल्या पाच चोळ्या मी आणि दोघी पालक मातांनी मिळून शिवल्या. टीप वाकडी गेली, एकीची बाही तोकडी झाली. रंगमंचावर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

थांबणारं काम आणि न थांबणारं काम

त्या शुक्रवारी रात्री आम्ही सगळे एकत्र बसलो. मला वाटलं होतं, आता मशीन बंद करायचं ठरेल. दीर तसं म्हणालेही, "नोकरी आहे ना, मग शिलाई कशाला?" तेव्हा जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "वॉर्डात दिवसभर दुःख बघून येते. दोन हात काहीतरी सुंदर करत बसले की डोकं शांत होतं. ते नका काढून घेऊ."

मग सासूबाईंनी, ज्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत, असा तोडगा सांगितला की माझी बी.एड. फिकी पडावी. त्या म्हणाल्या, "हातकाम दोन तऱ्हेचं असतं. एक थांबणारं, एक न थांबणारं. लोकांचा ब्लाऊज थांबत नाही, लग्नाची तारीख ठरलेली असते. वाकळ थांबते. आज दोन रांगा घाल, उद्या घालू नकोस, ती रुसत नाही."

त्या दिवसापासून तारखेचं काम बंद झालं. गिऱ्हाइकं आणि कागदावर कापून ठेवलेले सगळे नमुने तिने आमच्याच गल्लीतल्या एका बेवा बहिणीकडे सोपवले. तिला त्याची गरज होती, आणि आज तिचं घर त्यावर बऱ्यापैकी चालतं. स्वतःकडे जावेने थांबणारं काम ठेवलं. क्रोशाची लेस, जुजदान आणि जुन्या कपड्यांची वाकळ. मुलं चौकोन कापतात, सासूबाई दुपारी धावदोरा घालतात, ती असरनंतर वीस-पंचवीस मिनिटं बसते. मशीनवर नव्हे, मुलांजवळ चटईवर.

झोपेचे तास

आपलं शरीर उजेडाला बांधलेलं असतं. त्यामुळे दिवसाची झोप रात्रीपेक्षा तोकडी आणि हलकी होते, जराशा आवाजाने मोडते. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ज्यांच्या घरी रात्रपाळीचं माणूस आहे, त्यांना त्या उपयोगी पडतील.

बुरख्याचं उरलेलं काळं कापड दुहेरी शिवून खिडकीला पडदा केला. मुलांनी पुठ्ठ्याची पाटी रंगवली, 'अम्मी झोपली आहे, बेल वाजवू नका', आणि ती दाराबाहेर लटकवली. तिचा मोबाइल झोपेच्या वेळात सासूबाईंकडे असतो. हलका नाश्ता करून साडेनऊला ती झोपते, तीनला उठते. जोहरची वेळ असरपर्यंत असते, त्यामुळे नमाज वेळेतच होते. या साडेपाच तासांत पाहुणा येवो, नळाला पाणी येवो, तिला उठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात एक चुलत सासूबाई नाराज होऊन गेल्या. सासूबाईंनीच त्यांना समजावलं, "सून रात्रभर जागी होती, आता तिची रात्र चालू आहे."

सहलींचंही तसंच. पूर्वी सहल म्हणजे रविवार असं ठरलेलं होतं. आता ड्युटीचा तक्ता फ्रिजवर लावतो आणि त्यावरून दिवस ठरवतो. रात्रपाळी संपल्यावरचा पहिला दिवस फक्त झोपेचा, दुसरा दिवस सगळ्यांचा. मोठी सहल महिन्यात एकच, कधी दंडोबाच्या डोंगरावर, कधी सागरेश्वरच्या अभयारण्यात हरणं बघायला. बाकी छोटी. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर तासभर, हातात भडंगाची पुडी. मुलांना किती लांब गेलो याचं कौतुक नसतं. आई जागी आहे आणि आपलं ऐकते आहे, एवढं त्यांना पुरतं. रमजान लागायच्या आधी आम्ही पुन्हा पन्हाळ्याला गेलो. धाकटीने आईचा हात धरून तिला तीन दरवाजा दाखवला, जणू तो तिनेच बांधला होता.

ईदचा फ्रॉक

तरी एक गोष्ट राहिलीच होती. धाकटीचा ईदचा फ्रॉक दर वर्षी अम्मीच शिवते. या वेळी शेवटच्या अशऱ्यात जावेची रात्रपाळी आली. इफ्तार करून ती घराबाहेर पडायची, सहरीचा डबा बरोबर असायचा. "तयार फ्रॉक आणू या," असं म्हणताच पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं.

शेवटी जावेने एका दुपारी उठल्यावर फक्त कापड बेतून दिलं. मशीनच्या टिपा मी मारल्या. काजं सासूबाईंनी केली. बटणं आणि घेराची तुरपाई राहिली होती, ती घेऊन दीर बसले. सासूबाईंना ते पाहवेना. "पुरुषाच्या हातात सुई?" तेव्हा मी त्यांना हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आठवून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत, असं त्यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते आपले कपडे स्वतः शिवत, पादत्राणं दुरुस्त करत, घरच्यांच्या कामाला हातभार लावत. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग दोरा दुहेरी घे, एकेरी तुटेल."

आपल्या इतिहासात ही दोन्ही कामं मानाची आहेत. मदिनेत हजरत रुफैदा (रजि.) मस्जिदीजवळच्या तंबूत जखमींची शुश्रूषा करत. खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना उपचारांसाठी त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कातडं कमावत, शिवत आणि त्यातून आलेलं दान करत. सेवा आणि हुन्नर, दोन्हींना आपल्याकडे जागा आहे. पण एकाच बाईने एकाच दिवसात घर, दवाखाना, मशीन आणि शाळेचं कोळीगीत सगळं एकटीने ओढावं, असं कुणी सांगितलेलं नाही. तो नियम आपण तयार केला आहे.

ईदच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली, कारण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने एका हिंदू मैत्रिणीची ड्युटी केली होती. त्या मैत्रिणीने ईदची ड्युटी घेतली आणि दुपारी शीरखुर्म्याचा डबा घ्यायला गेटवर आली. धाकटी तिला फ्रॉक दाखवत म्हणाली, "हा आम्ही सगळ्यांनी शिवला." एका बटणाजवळ कापड थोडं चुणलं होतं, ते दिरांचं. ते उसवून नीट करायला धाकटी तयार नाही.

भगिनींनो, तुमच्या घरात नोकरी करणारी सून, मुलगी किंवा जाऊ असेल तर आज एवढं करा. तिच्या झोपेचे तास कोणते, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत का, ते विचारून पाहा. तिच्याकडचं न थांबणारं काम कोण उचलू शकतं, ते ठरवा. आणि तिच्या आवडीचं थांबणारं काम तिच्याजवळ राहू द्या.

परवा स्टाफरूममध्ये एका मॅडमनी विचारलं, "तुमच्या जाऊबाई दिवसा घरीच असतात ना? माझा एक ब्लाऊज होता." मी म्हणाले, "घरी असते, पण झोपलेली असते. झोपू द्या तिला. उद्या आपल्यापैकी कुणाच्या कॉटजवळ तिला उभं राहावं लागेल, सांगता येत नाही."

रात्री जागून दुसऱ्यांची दुखणी सांभाळणाऱ्या सगळ्या हातांना अल्लाह सलामत ठेवो, आणि त्यांना विसावा देण्याची समज आम्हा घरच्यांना देवो. आमीन.